मुकी तार

पहाटे वावटळ आली, आंब्याचा मोहोर झाडून गेली आणि जाता जाता नोनखाम गावची वीज घेऊन गेली. पाऊस नावालाच पडला, गडगडाट मात्र पोटभर झाला. दुसऱ्या दिवशी विहारात फावेतचा सण होता. वेस्संतर राजपुत्राची कथा, तेरा अध्याय, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत एका बैठकीत गाऊन व्हायची. म्हणून गाव झोपेतून उठलं ते कामालाच लागलं. बायकांनी तांदळाच्या शेवया पाडायला घेतल्या, पुरुष बांबू आणि केळीचे खुंट घेऊन विहाराकडे गेले. विजेची कुणाला फिकीर नव्हती. गेलेली वीज येते, यायची तेव्हा येते.

ती आली उन्हं चांगली चढल्यावर, आणि भलत्याच रूपात आली.

लामदुआन तेव्हा दुकानात होती. दुकान म्हणजे घराच्या खांबांमधली मोकळी जागा पत्र्याने बंद करून केलेली खोली. तीत जुने विकत घेतलेले पाच संगणक, एक छपाईयंत्र आणि एक पंखा. गावातली पोरं शाळेचा अभ्यास छापायला आणि त्याहून जास्त खेळायला तिथे येत. उसाच्या गाडीवर नवरा महिना महिना बाहेर असे, भात एकदाच पिके. घराची मीठमिरची या खोलीवर चाले. अध्यायांना दान दिलेल्या घरांची नावं मोठ्या अक्षरात छापून द्यायची म्हणून तिने वीज येताच सगळी बटणं एकदम दाबली.

छतावरचा दिवा आधी पांढरा झाला, मग निळसर. पंखा असा घोंघावला की टेबलावरचे कागद भिंतीला जाऊन चिकटले. लामदुआनचा हात मुख्य बटणाच्या दांड्याकडे निघाला खरा, पण तो पोचण्याआधीच टेबलाखाली फाट फाट असे बार झाले. ओल्या फटाक्यांची माळ वाजावी तसे. करपलेल्या मासळीचा आणि डांबराचा मिसळलेला वास खोलीभर पसरला. तिने दांडा खाली ओढला. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला, रोहित्राच्या खांबावर, बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि सगळं गाव पुन्हा गप्प झालं.

ती अजून खोकतच होती, तोवर समोरच्या घरातून मे येन आली. मे येन बर्फ आणि थंड सरबतं विकायची. अंगाने आडवी, आवाजाने उभी.

"लामदुआन! काय केलंस गं माझ्या विजेचं?"

"मी काय करणार? इथे माझीच राख झालीय."

"खोटं बोलू नकोस. तुझ्या घरात दिवा सूर्यासारखा पेटला तेव्हा माझा उदबत्तीच्या टोकाएवढा लाल झाला होता. या डोळ्यांनी बघितलं मी. फ्रिज नुसता हूं हूं करत बसला आणि मेला. माझी वीज ओढून घेतलीस तुझ्या त्या डब्यांनी!"

"डबे वीज ओढतात म्हणजे काय उसाचा रस ओढतात, मे येन?"

"हास! सणाला आणलेला बर्फ वितळला की तूच पी, नळी लावून."

तासाभरात गल्ली गोळा झाली. कुणाचा टीव्ही गेला होता, कुणाचा पाण्याचा पंप, कुणाचा भात शिजवायचा डबा. मुखिया सोमबत आला. भला माणूस, पण दहा जण एक बोलले की अकरावा होणारा. त्याने दुकानात डोकावून वास घेतला आणि नाक चोळलं.

"हे बघ लामदुआन, दिवस कलला की वीजवाले येतायत फ्यूज चढवायला. त्यांना सांगतो, तुझी तार तेवढी काढून ठेवा. उद्या तेरा अध्याय व्हायचेत. मधेच भोंगा बंद पडला, कथा तुटली, तर ते पाप कुणाच्या माथी?"

"आणि परत कधी जोडणार?"

"सण झाला की बघू."

"बघू" म्हणजे काय ते लामदुआनला ठाऊक होतं. पोरं शेतात जायची सोडून तिच्याकडे बसतात म्हणून निम्म्या गावाचा त्या खोलीवर आधीपासून डोळा होता. एकदा तार निघाली की परत जोडायला मुखियाचा होकार लागणार, आणि होकार द्यायला मुखियाला आख्खा गाव लागणार.

याच गर्दीतून तिचा बाप आला, पो खामसिंग; पो म्हणजे बाप, पण सगळं गावच त्याला पो म्हणे. खांद्यावर पांढरं उपरणं, हातात मंतरलेल्या सुताचं गुंडाळं. पोरपणी सात वर्षं चीवर घातलेला माणूस. आता पंधरा वर्षं झाली, विहारात प्रत्येक अध्यायाआधी भिक्खूंना गाऊन आमंत्रण द्यायचं काम त्याचं होतं, आणि त्याचा आवाज चढला की कडेवरची पोरंसुद्धा रडायची थांबत. फावेतच्या दिवशी तेरा अध्याय उठल्याविना ऐकायचे, हा त्याचा नेम जन्मात चुकला नव्हता. त्याने माणसं बाजूला केली.

"अरे, तिला कशाला बोलता? आकाशातली वीज पडली. पहाटे ऐकली नाहीत? पण सकाळीच मी विहारापासून गल्लीभर सूत ओढून घेतलं होतं, म्हणून वस्तूंवर निभावलं. माणूस एक दगावलं नाही. हात जोडा!"

काहींनी हात जोडले. मे येनने जोडले नाहीत.

गर्दी पांगल्यावर लामदुआनने दार लोटलं आणि कामाला बसली. जिल्ह्याच्या तंत्रशाळेत दोन वर्षं काढली होती, पुढची आठ या खोलीत. आधी तिने फक्त नाक वापरलं. एकेका संगणकाच्या पेटीच्या मागच्या जाळीला नाक लावायचं आणि सोडायचं. वास पाचही पेट्यांतून येत होता, तोही एकाच कोपऱ्यातून, जिथे भिंतीवरची वीज आत शिरते तिथून. तिने पहिली पेटी आडवी केली, पत्रा काढला, वीज पुरवणारा डबा सोडवून मांडीवर घेतला आणि उघडला. काचेचा फ्यूज आतून काळा, काजळी धरल्यासारखा. वीज साठवणारी दोन मोठी गोल धारित्रं, एरवी डोक्याला सपाट असायची, ती फुगलेल्या भातासारखी वर आलेली. एकाचं टोपण फुटून आतला कागद बाहेर लोंबत होता. दुसरी पेटी तशीच. तिसरीही तशीच.

आता प्रश्न होता पुढचा: आग दारातच विझली, की घरात शिरली?

अंगणात नवऱ्याची जुनी पिकअप उभी होती. तिचं इंजिन चालू करून लामदुआनने बॅटरीवरून दोन जाड वायरी खिडकीतून आत घेतल्या आणि बॅटरीची वीज घरातल्या विजेसारखी करणाऱ्या छोट्या पेटीला जोडल्या. एक संगणक कसाबसा चालेल एवढा जोर त्यातून मिळे. तिच्याकडे चांगला पुरवठा-डबा एकच शिल्लक होता. तोच ती एका पेटीतून दुसरीत फिरवत गेली, एकाच चष्म्यावर घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी पोथी वाचावी तसा. बाकीचं सगळं काढून ठेवायचं, स्मृतीची एकच पट्टी बसवायची, बटण दाबायचं आणि कान द्यायचे.

पहिली पेटी: पंखा फिरला, एक स्वच्छ 'टिट्'. जिवंत. दुसरी: पंखा अर्धा फेरा फिरून थबकला, परत अर्धा फेरा, परत थबकला. तिने मुख्य पाटीवर बोट फिरवलं. प्रोसेसरशेजारचा एक काळा चौकोन चटका देत होता. बोट तोंडात घालून तिने पेटी बाजूला सारली. मेली. तिसरी जिवंत, चौथी जिवंत. पाचवीत काहीच नाही. पंखा नाही, आवाज नाही, उष्णतासुद्धा नाही. चार वेळा पट्टी बदलली, घड्याळाची बारकी बॅटरी काढून घातली, तिच्या वडाच्या पानांएवढ्या पंख्यावर फुंकर मारली, आणि मग तिलाही बाजूला ठेवलं. घामाने तिचा सदरा पाठीला चिकटला होता. पाचातल्या तीन वाचल्या. बरं झालं म्हणावं असं होतं.

पण तिचं मन काही बरं म्हणेना. कारण भिंतीवर टेलिफोनच्या तारेला लावलेला मोडेम होता. त्याचा प्लग जळला होता, पण दुसऱ्या प्लगवर लावताच त्याचे दिवे चटकन लागले आणि टेलिफोनही बोलू लागला. आकाशातली वीज असती तर तिने टेलिफोनची तार कशी सोडली असती? ती वाट मिळेल तिथून येते, आणि बारीक वाटेने आधी येते. हे जे आलं होतं ते फक्त भिंतीतून आलं होतं. शिवाय ते घणासारखं एकदाच बसलं नव्हतं, पंखा घोंघावण्याइतका वेळ टिकलं होतं.

आणि मे येनचा लाल दिवा? आकाशातल्या विजेने दिवा फुटतो. लाल कसा होईल?

ती समोरच्या घरी गेली. मे येन वितळत्या बर्फावर पोती टाकत होती.

"मे येन, दिवा नक्की लाल झाला? पांढरा नाही ना?"

"मी आंधळी वाटते तुला?"

"आंधळी नाही. आत्ता तूच गल्लीत एकटी डोळस आहेस. सांग ना."

मे येनला हे अपेक्षित नव्हतं. ती पोतं हातात धरूनच म्हणाली, "लाल. भट्टीतल्या निखाऱ्यासारखा. आणि फ्रिज ओझं उचलत नसल्यासारखा कण्हत होता."

लामदुआन गल्लीतून घराघरात विचारत गेली. इथे पांढरा, तिथे लाल, पुढे दोन घरं पांढरी, गिरणीत लाल. चालता चालता तिच्या डोक्यात हिशेब बसत गेला. गल्लीला खांबावरून चार तारा आल्या होत्या. गिरणीसाठी गावानेच वर्गणी काढून ओढून घेतलेल्या. तीन चावणाऱ्या आणि चौथी मुकी. टेस्टर लावला तर तिच्यावर दिवा लागत नसे, हात लागला तर झटका बसत नसे, म्हणून गाव तिला मुकी तार म्हणे आणि तिच्यावर कपडेसुद्धा वाळत घाली. पण तीन तारांवरून घराघरात गेलेली वीज परत यायची ती त्या मुक्या तारेवरून. ती सुटली तर तीन तारा आपापसात ओढाताण करणार. ज्या तारेवर कमी ओझं तिथे दिवा पांढरा, ज्या तारेवर जास्त तिथे लाल.

विहाराच्या कमानीपाशी ती थांबली. पो खामसिंग शिडीवर उभा राहून केळीचे खुंट बांधत होता. कमानीवरून उद्या वेस्संतराची चित्रं काढलेलं लांबलचक कापड खांद्यावरून मिरवत आत जायचं होतं. कमानीच्या खांबावर तीन तारा ताठ होत्या. चौथीची जोडणी उकललेली होती. तिचं टोक वर उचलून चिंचेच्या फांदीला बांधलं होतं. बांधलं होतं पांढऱ्या मंतरलेल्या सुताने, आणि गाठ तिच्या ओळखीची होती. लहानपणापासून तिच्या मनगटावर आशीर्वादाचं सूत त्याच गाठीने बांधलं जायचं.

"पो, ही तार कुणी वर बांधली?"

"मीच की. वावटळीने लोंबत होती कमानीत, म्हणून सोडून वर घेतली. कथेच्या कापडावरून, सुतावरून अशी ओवळी तार जाऊ द्यायची? बायकांचे घागरे वाळतात तिच्यावर. वीज नव्हतीच तेव्हा. आणि ही तर मुकी. हिचं काय काम आहे?"

"खाली या, पो."

तिचा आवाज ऐकून तो उतरला. तिने सांगायला सुरुवात केली, पण व्होल्ट आणि ओझं हे शब्द त्याच्या चेहऱ्यावरून पाण्यासारखे ओघळून गेले. ती थांबली आणि तिने दुसरीकडून धरलं.

"तुम्ही गाता तेव्हा मागे बांबूच्या नळ्यांचा केन फुंकणारा केनवाला असतो. तो गात नाही, नुसता एक सूर धरून बसतो. तीन गाणारे असले आणि त्याने केन तोंडातून काढला तर?"

"तर काय?" पो हसला. "एक चढेल, एक उतरेल, तिसरा..." आणि तिथेच त्याचं हसू थांबलं. त्याने वर फांदीकडे पाहिलं, मग गल्लीकडे. हातातली केळीची साल त्याने उगाच उभी चिरली.

"येनचा फ्रिज?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि तुझ्या पेट्या-बिट्या?"

"दोन गेल्या. तीन होतील." मग ती घाईने म्हणाली, "पो, ऐका. वीजवाले येतील. मी हळूच सांगते, वाऱ्याने जोड सुटला म्हणून. ते जोडतील, माझी तार वाचेल, गाव विसरेल. उद्या तुम्हाला गायचंय."

पोने उपरण्याने तोंड पुसलं. "जोड वाऱ्याने सुटला. आणि गाठ? गाठ वाऱ्याने मारली?"

एवढ्यात वीजवाल्यांची गाडी गल्लीत शिरली, मागोमाग मुखिया आणि अर्धी गल्ली. फ्यूज चढवायचा लांब बांबू गाडीवरून उतरू लागला. मुखियाने लामदुआनच्या घराकडे बोट दाखवलं. "आधी ती तार काढा, मग—"

"फ्यूज चढवू नका!" लामदुआन ओरडली. "चढवलात तर उरलेलंही जळेल. तिकडे बघा, चौथी सुटलीय."

वीजवाल्यांत नेरमित नावाचा वयस्कर तारवाला होता. त्याने डोळ्यांवर हात धरून कमानीकडे पाहिलं आणि जिभेने टक् केलं. "बरं झालं बोललीस. विहाराचे भोंगे, पंप, सगळं एकदम चालू झालं असतं तर आख्खं गाव उदबत्ती झालं असतं." मग तो गर्दीकडे वळला. "कुणी सोडली ही?"

"वाऱ्याने," लामदुआन म्हणाली. "पहाटेच्या—"

"मी," पो खामसिंग म्हणाला.

त्याचा आवाज आमंत्रणाला चढतो तसा चढला नाही. साधाच होता. तरी शेवटच्या माणसापर्यंत गेला. "मी सोडली, मी बांधली. वीज पडली असं मीच सांगितलं, तेही खरं नव्हतं. लामदुआनच्या पेट्यांनी काही केलं नाही."

मग सगळे एकदम बोलले. कुणी म्हणालं, म्हातारा आहे, जाऊ द्या. कुणी म्हणालं, म्हातारा आहे तर शिडीवर कशाला चढतो? मे येन पुढे आली.

"सकाळी मला हात जोडायला सांगत होतात, पो! माझा फ्रिज तुमच्या पुण्याने मेला तर! आता त्याच्यावर पण सूत बांधा!"

एक-दोघं हसले. पो खामसिंगने ते हसू उभ्यानेच घेतलं, डोकं थोडं खाली घालून, पावसात उभं राहतात तसं. मग खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं, नीट घडी केली आणि मुखियाच्या हातात दिली.

"उद्या आमंत्रण तू म्हण, सोमबत. शब्द येतात तुला, सूर सांभाळ."

"अहो पो, तसं कुठे कोण म्हणतंय—"

"कुणी म्हणत नाही. मला कामं आहेत."

नेरमितने जोड घट्ट पिळून बांधला, दोनदा ओढून पाहिला. फ्यूज चढला. दिवे लागले, पांढरे नाहीत, लाल नाहीत, रोजच्यासारखे पिवळे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भाताच्या हजार मुटक्यांची मिरवणूक गल्लीतून गेली आणि भोंग्यातून पहिला अध्याय सुरू झाला. मुखियाचं आमंत्रण दोनदा अडखळलं, पण पोचलं. पो खामसिंग तेव्हा पंपवाल्याच्या घरी गुडघ्यांवर बसून लेकीला पाना देत होता. आदल्या संध्याकाळी त्याने एकच विचारलं होतं, "तुझ्या त्या वीज मोजायच्या सुयांच्या यंत्राने फ्रिज-टीव्हीपण तपासता येतात का?" ती म्हणाली, येतात, सगळे जगतील असं नाही. तो म्हणाला, जगतील ते जगतील.

दारोदार गेले ते. पहिल्या घरी पाणी मिळालं, दुसऱ्या घरी मिळालं नाही. एका म्हातारीने त्याला बघून दार अर्धं लावलं आणि तो पायरीवरच बसून राहिला. लामदुआन एकटी आत गेली. भाताच्या डब्याचा फ्यूज बदलला, तो चालला. एका टीव्हीचा पुरवठा तिच्या मेलेल्या पेटीतल्या भागांवर जगला. पंपाचं वेटोळं जळालं होतं. ते तिने तसंच तोंडावर सांगितलं. कथा डोक्यावरून वाहत होती. राजपुत्राने पांढरा हत्ती दिला, रथ दिला, घोडे दिले. एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत एखादी ओवी भिंतीआड हरवायची आणि पो क्षणभर मान वाकडी करून ती शोधायचा. मग पिशवी उचलायचा.

ऊन तापलं तेव्हा मे येनचं दार राहिलं होतं. ती दारात उभी राहिली, बाजूला झाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. ते आत गेले. फ्रिज भिंतीपासून ओढताना पोच्या कमरेतून कळ गेली. त्याने ती गिळली. लामदुआनने मागचा काळा गोळा उघडा केला आणि सुया लावल्या. इकडून लावल्या, तिकडून लावल्या.

"मोटर वाचलीय," ती शेवटी म्हणाली. "तिला ढकलून सुरू करणारी ही चकती जळलीय. जिल्ह्यात मिळेल. तोवर सरळ जोडून देते, पण बंद-चालू तूच करायचं, विसरायचं नाही."

"म्हणजे मेला नाही?"

"नाही."

भोंग्यात आता राजपुत्राच्या मद्दी राणीचा अध्याय लागला होता. रानातून फळं घेऊन आलेली आई, नवऱ्याने दान देऊन टाकलेली मुलं झोपडीत शोधते, प्रत्येक झाडाला विचारते. जो तरुण भिक्खू गात होता त्याचा आवाज एका शब्दावर लांबला, कापला, आणि पाण्याच्या लाटेसारखा परत वळला. लामदुआनच्या हातातली वायर तशीच राहिली. पो फ्रिजच्या मागे, जाळ्या आणि झुरळांमध्ये, भिंतीला टेकून बसला होता. एका हातात बॅटरी, दुसरा हात छातीपाशी. बॅटरीचा प्रकाश छपरावर गेला होता, त्याचं त्याला भान नव्हतं.

अध्याय संपला. विहारात शेकडो तोंडांनी साधुकार झाला, तो भोंग्यातून गल्लीभर पसरला.

"साधू," फ्रिजच्या मागून पो खामसिंग म्हणाला.

स्वयंपाकघरात चुलीपाशी मे येनने हातातला डाव खाली ठेवला, हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात तोच शब्द म्हणाली. मग तिने शेवयांचा एक मोठा वाडगा भरला, वरून माशाचा रस्सा घातला, मिरची घातली, आणि फ्रिजच्या फटीतून आत सरकवला.

"घ्या, पो. आणि उजेड खाली धरा जरा. पोरीला दिसत नाहीये."